बसायच्या जागांचा नकाशा

गुरुवारचा शेवटचा तास वेळापत्रकात 'उपक्रम' म्हणून छापलेला असे, पण नववीची मुलं त्याला 'वाट्टेल ते' म्हणत. भूगोलाच्या बाईंना हे नाव आतून आवडायचं. फक्त स्टाफरूममध्ये त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. तास त्यांनीच हट्टाने मागून घेतला होता आणि त्याचा नियमही त्यांचाच. प्रत्येकाने आपल्याला खरोखर जे जाणून घ्यावंसं वाटतं ते निवडायचं, आठ आठवडे त्याच्या मागे लागायचं, आणि शेवटी त्यातून शाळेबाहेरच्या एका माणसाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. एकाच. "समाज समाज म्हणत हवेत हात फिरवू नका," बाई बजावायच्या. "मला एक माणूस दाखवा. नाक-डोळे असलेला."

दोन वर्षांत नाक-डोळे असलेला माणूस काही आला नव्हता. आले होते ते तक्ते. 'पाणी वाचवा'चेच तेरा, त्यातल्या एकात नळाचा थेंब चुकून वरच्या दिशेने निघालेला. मुलं आपल्याला काय आवडतं ते शोधत नव्हती, बाईंना काय आवडेल ते शोधत होती. मुलं त्यात पटाईत असतात. शाळा दुसरं शिकवते काय?

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी भूगोलाच्या बाईंना दुसऱ्या मजल्यावरच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"हे बघा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं 'हे बघा'ने सुरू झालं की समोरच्याला बघण्यासारखं फारसं काही शिल्लक नसे. "गणिताचे सर तुमच्या तासावर डोळा ठेवून आहेत. सत्र संपेपर्यंत मी त्यांना थोपवलंय. तोवर बाहेरचा एक माणूस माझ्यासमोर येऊन म्हणाला पाहिजे, की या मुलांमुळे माझं अमुक एक काम झालं. तुम्ही सांगितलेलं चालणार नाही. मुलांनी सांगितलेलंही नाही. त्याने सांगायचं."

"आणि नाही आला तर?"

"तर गुरुवारी बीजगणित."

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या कानात बीजगणितच वाजत होतं.

त्या गुरुवारी त्यांनी एकेकाला उभं करून विचारायला सुरुवात केली. पहिल्या बाकावरच्याला ग्रहतारे आवडत होते, कारण त्याच्या शेजारच्याला आवडत होते. एकीला वाचन, दुसरीला वाचन, तिसरीलाही वाचन. खिडकीजवळच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर बाईंचा आवाज थकला होता. तिथली मुलगी वर्गात असून नसल्यासारखी असायची. निकालाच्या यादीत नेहमी बरोबर मधोमध, जिथे कुणाची नजर थांबत नाही.

"तुला गं? तुला काय आवडतं?"

मुलगी उभी राहिली. खूप विचार केला. मग खरं ते सांगून टाकलं.

"बसायला."

वर्ग फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "सोफा!" आणि त्या क्षणी तिचं बारसं झालं. पुढे शाळा सोडेपर्यंत ती सोफाच राहिली.

बाई हसल्या नाहीत. त्यात थोरपणा कमी आणि थकवा जास्त होता. पण प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून नेमका निघाला.

"कुठे?"

सोफाने मान वर केली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता, पण उत्तर तयार होतं. "बाई, तसं सगळीकडे नाही बसता येत. बसथांब्याची बाकं आता तिरकी केलीत, घसरायला होतं. पोस्टाच्या कठड्यावर लोखंडी टोकं लावलीत. बागेत बाकं आहेत, पण बाग अकरा ते चार बंद. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चालतं, पण काउंटरला ताई असल्या तरच. दादा असले की उठवतात."

वर्गातलं हसू हळूहळू विरलं. त्या दादांनी यांच्यातल्या निम्म्यांना तरी उठवलं होतं.

"तिरकी का केली असतील गं?" बाईंनी विचारलं. त्यांना स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं.

"कुणी झोपू नये म्हणून, असं शिंपीआजोबा म्हणतात. पण मग ज्याला नुसतं बसायचंय त्याने काय करायचं, ते त्यांना पण माहीत नाही."

बावीस वर्षं बाई या गावाचा नकाशा फळ्यावर काढत आल्या होत्या. नदी, टेकडी, पूल, बाजाराचा रस्ता, सगळं डोळे मिटून काढता यायचं त्यांना. या गावात माणूस कुठे बूड टेकू शकतो, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"हेच तुझं काम," त्या म्हणाल्या. "हे शोध."

"बसून?"

"जमलं तर बसून."

शिंपीआजोबा म्हणजे सोफाच्या घराच्या खालच्या खोलीत राहणारे म्हातारे. तिची आई दवाखान्यात नर्स, कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. त्यामुळे सहा वर्षांची असल्यापासून सोफा शाळेतून थेट त्यांच्याकडे. तिथे ती करायची काय? बसायची. ते शिवायचे, ती बसायची. पन्नास वर्षं कापडाची कात्रणं आणि कापसाची धूळ यांत श्वास घेऊन आजोबांची छाती आता अधू झाली होती. थोडं चाललं की दम लागायचा, मग कुठेतरी टेकल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही. टेकायला जागा मिळाली नाही तर भीती वाटायची, आणि भीती वाटली की दम आणखी लागायचा. म्हणून दीड वर्ष ते उंबरठ्याबाहेर गेले नव्हते.

बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा ते खिडकीपाशी बसून जुन्या कोटाची उसवलेली शिवण बघत होते.

"मला वाचनालयात जायचंय," त्यांनी सांगून टाकलं. "एवढंच. ही पोरगी आणते पुस्तकं, नाही असं नाही. पण ही आणते ती सगळी शहाण्या माणसांची."

"आजोबा, तुम्हीच म्हणालात चांगलं आण!"

"चांगलं म्हणजे शहाणं होय गं? मला स्वतः फळीवरून ओढून काढायचंय. चार पानं वाचायची, परत ठेवायचं, दुसरं काढायचं. ते तू कसं करणार माझ्याऐवजी?"

तर असा एक माणूस मिळाला होता. नाक-डोळे असलेला, आणि वर तिखट जिभेचाही.

सोफाने काम सुरू केलं आणि बाईंना कळेना, ही तीच मुलगी का. कागद म्हणून तिने आजोबांचाच खाकी कागद घेतला होता, कापड बेतण्याआधी शिंपी ज्यावर आकार काढून घेतात तो. त्यावर ती रोज एक-दोन जागा वाढवायची आणि प्रत्येक जागेपुढे दोन ओळी लिहायची. 'बँकेच्या पायऱ्या. तिसरी बरी. पहारेकरी काकांशी आधी बोलावं, त्यांना मुलीच्या लग्नाचं विचारावं.' 'लाँड्रीबाहेरचं लाकडी खोकं. मालकीणबाई स्वतःच बसा म्हणतात, मग उठू देत नाहीत.' 'किल्लीवाले काका. आधी म्हणतात दुकान आहे, धर्मशाळा नाही. मग स्टूल देतात.'

एका शनिवारी बाई तिच्याबरोबर फिरल्या. घरी परतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तासाभरात आपण एकाही दुकानाची पाटी वाचली नाही. आपण फक्त गुडघ्याएवढ्या उंचीवर बघत होतो. गाव तिथून वेगळंच दिसत होतं.

आता राहिलं अंतर. दोन जागांमधलं अंतर सोफाने दमात मोजलं होतं. एक दम म्हणजे आजोबा न थांबता जेवढं चालतात तेवढं. सुरुवातीला ते दारापासून कोपऱ्यापर्यंतच गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवून. तेवढ्यावरून तिने आपली चाल त्यांच्या चालीला जुळवून घेतली. मग ती एकटीच आजोबांसारखी चालत गावभर हिंडली. लोक बघायचे. तिला फरक पडत नव्हता. सोफा म्हणवून घेतल्यावर आता काय व्हायचं राहिलं होतं?

सातव्या आठवड्यात खाकी कागद बाईंच्या टेबलावर आला. त्यावर घरापासून वाचनालयापर्यंत निळी रेघ होती, बाजाराच्या रस्त्याने सरळ. आणि वाचनालयापासून घरापर्यंत लाल रेघ, ती मात्र बँकेपाशी रस्ता सोडून मागच्या बोळात शिरलेली, किल्लीवाल्यावरून वळसा घेत घेत लाँड्रीपाशी परत बाहेर आलेली.

"हे काय गं? येताना एवढा फेरा?"

"बाई, येताना वेगळं आहे. बँक ते लाँड्री जाताना पाऊण दम आहे आणि येताना सव्वा."

बाई हसल्या. कुत्सितपणे नव्हे, मायेनेच; पण मायेच्या हसण्यालाही वर्ग साथ देतोच. "अगं, बँक ते लाँड्री जेवढं, तेवढंच लाँड्री ते बँक. अंतर काय जायचं एक आणि यायचं एक असतं का?"

"सोफा, येताना रस्ता लांबतो का गं?" मागून आवाज आला. सोफा खाली बसली.

नकाशा मोठ्या बाईंपुढे जायचा होता. तो नीट दिसायला नको? बाईंनी दोन संध्याकाळी बसून तो पांढऱ्या कागदावर उतरवला. दिशा दाखवली, प्रमाण टाकलं, सूची केली. दमांचे मीटर केले. रस्ता स्वतः मोजपट्टी घेऊन मोजला. पहारेकऱ्याच्या मुलीचं लग्न सूचीत बसेना, ते गेलं. धर्मशाळा गेली. लाल रेघ गेली. एकच सुबक काळी रेघ राहिली, आणि तिच्यावर बसायच्या जागांचे छोटे हिरवे चौकोन. बाईंना तो इतका आवडला, की रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी तो नवऱ्याला दाखवला. नवरा म्हणाला, छान. तो सगळ्यालाच छान म्हणतो.

सोफाने नवा नकाशा पाहिला आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगला झालाय." असं म्हणणाऱ्या मुलांचा आवाज नीट ऐकायचा असतो. बाईंनी तो ऐकला नाही.

ठरलेल्या गुरुवारी सकाळी अकराला मोठ्या बाई वाचनालयात जाऊन बसल्या. आजोबा घरून निघाले. धुतलेला सदरा, कडक इस्त्री. एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला बाई. लाँड्रीच्या खोक्यावर ते बसले, मालकीणबाईंनी उठू दिलं नाही, तिथे वेळ गेला. बँकेच्या तिसऱ्या पायरीवर बसले. औषधाच्या दुकानात नशिबाने ताई होत्या. आणि पंचवीस मिनिटांनी, दीड वर्षानंतर, शिंपीआजोबा वाचनालयाच्या दारात उभे होते.

मोठ्या बाईंकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ फळीपाशी गेले, एक पुस्तक ओढलं, उघडलं, नाक मुरडलं, परत ठेवलं. दुसरं ओढलं. पाचव्या पुस्तकावर त्यांना आठवण झाली, की इथे कुणीतरी आपली वाट बघतंय.

"बाई," ते मोठ्या बाईंना म्हणाले, "या पोरीमुळे मी इथे आलो. आणखी काय सांगायचं असतं?"

"एवढं पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पर्समधून कागद काढून तिथेच सही केली. पुढचं अख्खं वर्ष गुरुवारचा तास भूगोलाच्या बाईंचा. गणिताच्या सरांना दुसरीकडे डोळा ठेवावा लागणार होता.

तासाभराने बाई परत निघाल्या त्या जणू जमिनीपासून चार बोटं वरून. बँकेच्या पायरीवर आजोबांना विसावा देऊन उठवलं, तेव्हा सोफाने बोळाकडे बोट केलं.

"बाई, इथून आत वळायचं."

"आज नकाशाप्रमाणे जाऊ या गं. लाँड्रीपर्यंत एकशे ऐंशी मीटर तर आहे. बोळातून दुप्पट होईल."

आजोबांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग बाईंच्या हातातल्या पांढऱ्या कागदाकडे. "चला," ते म्हणाले.

शंभर-सव्वाशे मीटर झाले असतील. आजोबांनी विजेच्या खांबाला हात लावला आणि तो सोडेनात. तोंड उघडं, मान पुढे, खांदे वरखाली. बोलायला गेले तर शब्द येईना. ओठांचा रंग बदलला होता. बाईंनी मागे बघितलं, पुढे बघितलं. बंद शटर, भिंत, भिंत, पार्क केलेली मोटार. बसायला काही नाही. आणि त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, बाईंना दिसलं की हा रस्ता चढा आहे. डोळ्याला कळू नये इतका, पण लाँड्रीपर्यंत अख्खा चढा.

"आजोबा, बोलू नका. खांब धरून ठेवा," सोफा म्हणाली आणि दोन इमारतींच्या फटीतून दिसेनाशी झाली. परत आली ती हातात स्टूल घेऊन, आणि मागे किल्लीवाले काका ओरडत, "अगं ए! विचारायची काही पद्धत? दुकान आहे की…" आजोबांना बघून त्यांचं वाक्य तिथेच संपलं. मग ते उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आपली सावली आजोबांच्या डोक्यावर पडेल अशा बेताने.

दहा मिनिटं गेली. आजोबांचे खांदे हळूहळू खाली आले.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढा सुंदर काढला होता." आजोबा थांबले, श्वास घेतला. "बाई, मी पन्नास वर्षं बाह्या शिवल्या. कुठल्याच माणसाचे दोन हात सारखे नसतात. एक थोडा लांब असतोच. नवशिका शिंपी काय करतो? एक हात मोजतो आणि दोन्ही बाह्या तशाच कापतो. कागदावर काय झकास दिसतात!"

सोफा खाली रस्त्यावरच बसली होती, फतकल मारून. ती बाईंकडे बघत नव्हती. बाईंना वाटलं, हिने रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आजोबा खिडकीपाशी पोचले होते, ठणठणीत होते, चहाला नावं ठेवत होते. सही केलेला कागद बाईंच्या पर्समध्ये होता. मोठ्या बाईंनी परतीचं काही विचारलं नव्हतं. उद्याही विचारलं नसतं. बाईंनी ही गोष्ट मनात दोनदा उलटीपालटी करून बघितली, नाही असं नाही.

सकाळी त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि कागद टेबलावर ठेवला.

"हा परत घ्या. ते गेले, पण माघारी येताना रस्त्यात अडकले. नकाशा चुकला होता."

"त्या मुलीचा?"

"माझा. तिचा बरोबर होता. मी तो दुरुस्त केला." मग त्यांनी खाकी कागद उलगडला आणि सगळं सांगितलं. निळी रेघ, लाल रेघ, पाऊण, सव्वा.

मोठ्या बाई कितीतरी वेळ त्या कागदावर वाकून होत्या. पहारेकऱ्याच्या मुलीच्या लग्नाची ओळ वाचताना त्यांचे ओठ किंचित हलले. मग त्यांनी स्वतःची सही असलेला कागद उचलला आणि फाडला. शांतपणे, चार तुकडे.

"हे बघा. पोचलेल्या माणसाला भेटून मीही चुकलेच. पुढच्या गुरुवारी मी वाचनालयात बसणार नाही. त्यांच्या घरी बसेन. परत आलेला माणूस मला हवाय. तोवर तास टांगणीला."

पुढच्या गुरुवारी मोठ्या बाई शिंपीआजोबांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर बसून राहिल्या. आजोबा सोफाबरोबर गेले होते; भूगोलाच्या बाई मागून, दहा पावलं अंतर ठेवून, हातात कुठलाही कागद न घेता. येताना ते बँकेपाशी बोळात वळले. किल्लीवाल्यांनी या वेळी धर्मशाळेचा विषय काढला नाही, उलट स्टूल आधीच बाहेर मांडून ठेवलं होतं. सोफाच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी दिसली. आता तिला ती नोंद बदलावी लागणार होती.

आजोबा दारात आले ते पाच ठिकाणी बसून, पण स्वतःच्या पायांवर आणि बोलत. बगलेत पुस्तक होतं.

"उठा," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "माझी खुर्ची आहे ती."

मोठ्या बाई उठल्या. उठताना त्यांनी खुर्चीचा हात धरला, मग टेबलाची कड. भूगोलाच्या बाईंनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. सोफाने तसलं काही केलं नाही. तिने नीट निरखून बघितलं.

"तास राहील," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखी देते उद्या." मग त्या सोफाकडे वळल्या. "आपल्या शाळेच्या जिन्यात बसायला कुठे काही नाही, नाही का गं?"

"नाही ना. आजी-आजोबा येतात पालकसभेला, ते पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहतात, भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखं करतात."

"मोजलंस तू?"

"पायऱ्या मोजल्यात. दम नाही मोजले." सोफा जरा घुटमळली. "ते कुणाच्या दमाने मोजायचे ते कळत नव्हतं. शिंपीआजोबा तर शाळेत येत नाहीत."

आजोबांनी पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटत नव्हते.

"माझ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या साडेदहाला ये. चढताना मोज आणि उतरताना वेगळं मोज. गुडघ्याला उतरताना जास्त लागतं, हे तुला माहीत आहे का?"

"नाही," सोफा म्हणाली आणि तिचे डोळे लकाकले. "का लागतं?"

मोठ्या बाईंनी भूगोलाच्या बाईंकडे बघितलं. भूगोलाच्या बाईंना उत्तर माहीत नव्हतं, आणि या वेळी त्यांनी तसं सांगून टाकलं.